हॉलमध्ये फ्लॅश आपोआप उडतो आणि मी बटण दाबलं की गप्प बसतो

खाडीपलीकडे
रविवार, रात्री ११:४२

मंडळी, डोकं चालेनासं झालंय म्हणून धागा काढतोय. शीर्षकात लिहिलंय ते शब्दशः खरं आहे.

आज मावसबहिणीचा साखरपुडा होता, घोडबंदर रोडवरच्या एका हॉलमध्ये. फोटोग्राफर ठरवलेला होता, पण मावशी म्हणाली, "तुझाही कॅमेरा आण, घरच्या फोटोंची मजा वेगळी." गेलं वर्षभर फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवून बाजूला ठेवायचा अभ्यास चाललाय, त्यामुळे मला निमित्तच हवं होतं. कळव्याहून दोन फ्लॅश, दोन स्टँड आणि एक पांढरी छत्री रिक्षात घालून नेली.

छत्रीतला फ्लॅश स्टेजच्या डाव्या हाताला. तो रेडिओवर, म्हणजे कॅमेऱ्याच्या डोक्यावर ट्रिगर आणि फ्लॅशच्या पोटातच रिसीव्हर. दुसरा फ्लॅश जुना, तो फुलांच्या कमानीमागे दडवला, केसांवर उजेडाची कड यावी म्हणून. सगळं मॅन्युअल. शटर १/१६० सेकंद, लेन्सचं भोक एफ/४, आयएसओ (म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) ८००, छत्रीतला फ्लॅश १/४ पॉवरवर.

पहिली वीस मिनिटं झकास. अंगठ्या घालायची वेळ आली आणि बया रुसली. तीनातला एक फोटो काळा. आणि याच्यावर कडी म्हणजे, मी कॅमेरा गळ्यात टाकून बटाटेवडा खातोय आणि तिकडे माझी छत्री लखलखतेय! आत्या शेजारी होती. म्हणाली, "अरे तू इथे बसलायस, मग तिकडे तुझा दिवा कोण लावतंय?" मला काय उत्तर द्यावं कळेना.

तासाभरात सेल मेले. घरी येऊन दुसरे सेल घातले, शंभर वेळा बटण दाबलं, शंभरही वेळा उडाला. शेवटी बायको म्हणाली आता झोपू दे.

खोक्यावर पल्ला १०० मीटर लिहिलाय. मी सहा मीटरवर होतो. दोन फोटो जोडतोय, एक चांगला आलेला आणि एक काळा. काळ्यातून काय समजणार म्हणा, पण तरी.


सेकंडहँड_लेन्स
सोमवार, मध्यरात्रीनंतर १२:०५

सेल. दहातल्या नऊ वेळा सेल. रिमोटमधून काढलेले घातले होते का? रिचार्जेबल निकेल मेटल हायड्राइड घ्या, १.२ व्होल्ट लिहिलेले असतात म्हणून घाबरू नका, फ्लॅशला तेच मानवतात. आणि चारही एकाच वयाचे हवेत. तीन नवे आणि एक म्हातारा असला की म्हातारा सगळ्यांना खाली ओढतो.


खाडीपलीकडे
सोमवार, मध्यरात्रीनंतर १२:११

चारही एकाच पाकिटातले, सहा महिन्यांपूर्वीचे, रात्रभर चार्ज केलेले. खूण म्हणून नेलपॉलिशचे ठिपके लावलेत, मिसळायचा प्रश्न नाही.


सानपाडा_लोकल
सोमवार, सकाळी ६:५०

माझं काम वायफायचं आहे, फोटोग्राफी हौस. तुमचा ट्रिगर २.४ गिगाहर्ट्झवर बोलतो. हा पट्टा भारतात विनापरवाना वापरायला मोकळा आहे, म्हणून सगळे तिथेच येऊन बसलेत. हॉलचं वायफाय, दोनशे पाहुण्यांच्या खिशातले ब्लूटूथ, कोणाचा हॉटस्पॉट, मागे किचनमध्ये मायक्रोवेव्ह असेल तर तोही. घरी रात्री साडेअकराला या गर्दीतलं काहीच नसतं. सकाळी ८:१२ च्या लोकलमध्ये चढून बघा आणि तीच गाडी दुपारी अडीचला बघा, तसं.

दुसरं म्हणजे माणसं. माणूस म्हणजे बहुतेक पाणी आणि पाणी या लहरी शोषून घेतं. तुम्ही आणि छत्रीच्या मध्ये वीस पाहुणे उभे राहिले की १०० मीटरचा पल्ला कागदावरच राहतो. खोक्यावरचा आकडा मोकळ्या मैदानातला असतो. फ्लॅश डोक्यांच्या वर राहील इतका स्टँड चढवा. लोखंडी ट्रसच्या मागे ठेवू नका.

चॅनेल बदलून बघितलं का? काही ट्रिगरमध्ये मोकळं चॅनेल शोधून देणारा स्कॅन असतो. गोडॉक्सच्या एक्सप्रोमध्ये तर ०–३० मीटर आणि १–१०० मीटर असे दोन पल्लेही असतात. फ्लॅश अगदी हाताशी असताना लांबचा पल्ला ठेवला तर तो चुकू शकतो, तेव्हा जवळचा ठेवावा.


जुना_रोल
सोमवार, सकाळी ७:३५

गर्दीमुळे फ्लॅश उडणार नाही हे पटलं. पण गर्दीमुळे तो आपोआप उडेल कसा? वायफायला काय माहीत अंगठी घालतायत ते.

मी १९८८ पासून चोवीस वर्षं ठाण्यात लग्नं काढली. आमच्या वेळी वायर होती. कॅमेऱ्यापासून फ्लॅशपर्यंत पाच मीटर गुंडाळ्यांची वायर आणि ती धरायला एक पोरगा. नौपाड्यातल्या एका लग्नात करवलीचा पाय त्या वायरीत अडकला आणि स्टँड, फ्लॅश, छत्री सगळं वरमाईच्या ओटीत. नंतर स्लेव्ह आला. बोराच्या बियाएवढा काचेचा डोळा, त्याला दुसऱ्या फ्लॅशचा उजेड दिसला की तो आपला फ्लॅश उडवतो. रेडिओ नाही, चॅनेल नाही, काही नाही. आम्ही खूश. मग पाहुण्यांकडे कॅमेरे आले. कोणी मामा मागून फोटो काढायचा आणि माझे दोन्ही फ्लॅश मामाच्या सेवेला हजर. मी बटण दाबेपर्यंत दोघेही रिकामे. छत्तीस फोटोंचा रोल, त्यातले आठ काळे, आणि कळायचं चार दिवसांनी, लॅबमधून रोल धुऊन आल्यावर.

तुमचा कमानीमागचा फ्लॅश कशावर होता? मागे एस१, एस२ असं काही दिसतं का?


खाडीपलीकडे
सोमवार, सकाळी ९:१५

काका, लोकलमधून लिहितोय. मागचा एस१ वर होता. त्याला रेडिओ नाहीच, छत्रीचा उजेड बघून तो उडतो. म्हणजे तो सगळ्यांच्या फ्लॅशवर उडत होता हे समजलं. पण आत्याने बघितली ती छत्री, आणि छत्रीतला नक्की रेडिओवर होता. स्क्रीनवर अँटेनाचं चिन्ह होतं, मी स्वतः पाहिलंय.


जुना_रोल
सोमवार, सकाळी ९:४०

मग दोन वेगवेगळे रोग आहेत. मागच्याचं आधी सांगून मोकळा होतो.

कॅमेरा टीटीएलवर, म्हणजे लेन्समधून आलेला उजेड मोजून फ्लॅशची ताकद आपोआप ठरवायच्या पद्धतीवर असला की आधी एक बारीक चाचणीचा उजेड मारतो, तो परत किती आला ते मोजतो, आणि मग खरा फ्लॅश मारतो. आपल्याला दोन्ही मिळून एकच दिसतात. एस१ वरचा स्लेव्ह अधीर, पहिल्या उजेडालाच उडतो. शटर उघडेपर्यंत त्याचं काम झालेलं असतं. एस२ वरचा चाचणीचा उजेड सोडून देतो आणि खऱ्याला उडतो. पण दोघांनाही मालक ओळखता येत नाही. हॉलमध्ये दुसरा फोटोग्राफर असेल तर डोळ्यावर चालणारा फ्लॅश नेऊच नका. भर उन्हातही तो भरवशाचा नाही, उन्हापुढे त्याला दुसऱ्याची चमक दिसत नाही.

कंपन्यांनीही बराच काळ उजेडावरच काम भागवलं. निकॉनने २००३ मध्ये एसबी-८०० फ्लॅशबरोबर जी पद्धत आणली तिच्यात कॅमेरा लुकलुकत्या उजेडाच्या सांकेतिक भाषेत फ्लॅशशी बोलायचा. गट, पॉवर सगळं त्यातून जायचं. डोकं अफाट, पण मध्ये खांब आला की संभाषण संपलं. कॅननने स्वतःच्या फ्लॅशमध्ये रेडिओ घातला तो २०१२ मध्ये, ६००ईएक्स-आरटीला. तोवर मी दुकान बंद करून गच्चीवर कुंड्या लावायला लागलो होतो.


फक्त_नैसर्गिक
सोमवार, सकाळी १०:२०

एवढी कटकट हवी कशाला? आजचे कॅमेरे आयएसओ ६४०० ला सुद्धा स्वच्छ देतात. फ्लॅश घरी ठेवा, हॉलच्या उजेडात काढा. आणि वापरायचाच तर टीटीएलवर टाका, बाकी कॅमेरा बघून घेईल.


उन्हातली_छत्री
सोमवार, सकाळी ११:०५

हॉलचा उजेड कुठून येतो ते एकदा मान वर करून बघा. छतातून, सरळ खाली. भुवयांची सावली डोळ्यांत, नाकाची ओठांवर. नवरीने दोन तास मेकअप केलेला आणि फोटोत डोळ्यांखाली खड्डे. शिवाय मागची एलईडी भिंत दर पाच सेकंदांनी जांभळी, मग हिरवी. आयएसओ वाढवून तेच खड्डे जास्त उजळ दिसतील, भरणार नाहीत. उजेड कुठल्या बाजूने यावा हे ठरवता येतं म्हणून फ्लॅश बाजूला ठेवायचा.

टीटीएल वाईट नाही. मी मिरवणुकीत वापरते, जिथे माणूस क्षणात दोन मीटरवर आणि क्षणात पाच मीटरवर असतो. स्टेजवर अंतर बदलत नाही, तिथे मॅन्युअलच बरं.

धागाकर्त्याला तीन प्रश्न. किती फोटो काढलेत? सगळे १/४ वरच का? आणि फ्लॅशच्या पाठीवरच्या स्क्रीनवर मधे कधी नजर गेली होती का?


खाडीपलीकडे
सोमवार, दुपारी १:३०

ताई, एकूण १४२. काळे धरून. सगळे १/४ वर.

स्क्रीनचं विचारलंत म्हणून आठवलं. सेल बदलायला गेलो तेव्हा फ्लॅशवर १/१ दिसत होतं. ट्रिगरवर १/४ आणि फ्लॅशवर १/१. मला वाटलं स्टँडला कोणाचा धक्का लागून चाक फिरलं असेल.


उन्हातली_छत्री
सोमवार, दुपारी २:१०

झालं तर मग. आता हिशोब करू.

चार एए सेलवरचा तुमच्यासारखा फ्लॅश, चांगले चार्ज केलेले सेल असतील तर फुल पॉवरचे दोनशेच्या आसपास झोत सहज देतो. १/४ ला ढोबळमानाने त्याच्या चौपट. तुम्ही १/४ चे १४२ मारलेत, म्हणजे फुल पॉवरचे साधारण ३६. सेल सहातले पाच भाग भरलेले घेऊन घरी यायला हवे होते. ते तासाभरात मेले. उरलेले दीडशेहून जास्त फुल झोत कोणीतरी मारले, आणि ते तुम्ही नव्हे.

आता तुम्ही जोडलेला "चांगला" फोटो मोठा करून बघा. नवऱ्यामुलाच्या मागच्या पडद्यावर किती सावल्या आहेत?


खाडीपलीकडे
सोमवार, दुपारी २:१४

दोन.

एक उजवीकडे, ती माझ्या छत्रीची. डावीकडे एक फिकट आहे. ती पडायला उजवीकडून उजेड हवा, आणि उजवीकडे माझं तर काही नव्हतं.


उन्हातली_छत्री
सोमवार, दुपारी २:२६

ठरवलेल्या फोटोग्राफरचं होतं. त्याच्याकडेही त्याच कंपनीचा ट्रिगर आहे आणि दोघांनीही खोक्यातून काढल्यावर चॅनेल १, गट ए (ट्रिगर ज्या फ्लॅशना एकत्र हुकूम देतो तो गट) बदललेला नाही. तो बटण दाबतो तेव्हा त्याचा ट्रिगर हवेत फक्त "चॅनेल १, गट ए, उडा" एवढंच म्हणत नाही, "फुल पॉवरवर उडा" असंही सांगतो. तुमचा फ्लॅश आज्ञाधारक, त्याने ऐकलं. फुल झोत मारल्यावर परत भरायला अडीच-तीन सेकंद लागतात, सेल दमले की त्याहून जास्त. त्या तीन सेकंदांत तुम्ही दाबलं की काळा फोटो. अंगठीच्या वेळी तो धडाधड काढणारच, म्हणून बिघाड नेमका तेव्हाच झाला. आणि वडा खाताना छत्री लखलखली ती त्याच्यामुळे.

आणि तुम्ही दाबलंत की त्याचाही उडत असणार. डावीकडची सावली तीच.


सानपाडा_लोकल
सोमवार, दुपारी २:४०

मी पूर्ण गर्दीचं गणित मांडून बसलो आणि दोघंच एका बाकावर बसले होते. टोपी काढली ताई.


सेकंडहँड_लेन्स
सोमवार, दुपारी ३:०२

सेलच होते म्हणजे शेवटी. 😁


खाडीपलीकडे
बुधवार, रात्री १०:१५

मंडळी, पडताळा झाला.

मावशीकडून त्या फोटोग्राफरचा नंबर घेतला. ऑफिसमधून सुटल्यावर राम मारुती रोडच्या मागच्या गल्लीत त्याच्या ऑफिसला गेलो. ऑफिस म्हणजे एक टेबल, दोन संगणक, आणि भिंतीला टेकवलेल्या सहा छत्र्या. मी काय घडलं ते सांगायला लागलो तसा तो हसत सुटला. म्हणाला, "माझीही छत्री मधेच उडत होती हो! मला वाटलं पोरगा चाळा करतोय. दोनदा ओरडलो बिचाऱ्यावर." पोरगा तिथेच हार्ड डिस्क जोडत बसला होता, त्याने मान वर करून नुसतं बघितलं. बाकी काही बोलला नाही, पण ते बघणं मी विसरणार नाही.

मी ट्रिगर काढला, त्याने त्याचा. दोन्हीकडे चॅनेल १, गट ए. त्याच्या ट्रिगरवर १/१. त्याने बटण दाबलं, माझ्या पिशवीतून फट्‌ आवाज आला. पिशवीत फ्लॅश चालू राहिला होता.

आता मी चॅनेल २३ वर आहे. त्याने आयडी पण लावायला शिकवला. चॅनेलच्या वर आणखी एक आकडा, ०१ पासून ९९ पर्यंत, तोही जुळला तरच फ्लॅश ऐकतो. आधी नुसत्या ट्रिगरवर लावला आणि फ्लॅश अजिबात उडेना, घाम फुटला. दोन्हीकडे लावावा लागतो. त्याच्या एका जुन्या फ्लॅशमध्ये आयडीची सोयच नाही, म्हणून तो स्वतः लावत नाही.


जुना_रोल
बुधवार, रात्री १०:५०

त्या पोराला एक वडापाव द्या. आमच्या वायर धरणाऱ्या पोरानेही अशीच बोलणी खाल्ली आहेत.


नवशिक्या_ऐरोली
गुरुवार, सकाळी ८:०५

छान चर्चा. याच धाग्यात विचारलं तर चालेल का? मी उपवन तलावावर मैत्रिणीचे फोटो काढले, ट्रिगर लावून. फ्लॅश दर वेळी उडतो पण फोटोच्या खालच्या भागात आडवी काळी पट्टी येते. शटर १/५०० होतं.


उन्हातली_छत्री
गुरुवार, सकाळी ९:३०

चालेल की. यात तुमच्या ट्रिगरचा दोष नाही.

कॅमेऱ्याच्या आत दोन पडदे असतात. पहिला उघडतो, दुसरा मागून येऊन बंद करतो. साधारण १/२०० किंवा १/२५० पर्यंत असा एक क्षण असतो की पूर्ण चौकट उघडी आहे. फ्लॅशचा झोत त्याच क्षणात बसवायचा असतो. त्याहून वेगात गेलं की पहिला पडदा पोचायच्या आत दुसरा निघालेला असतो आणि दोघांमधली फट नुसती सरकत जाते. फ्लॅश उडतो तेव्हा फटीसमोर जेवढं आलं तेवढंच उजळतं, बाकी पडद्याआड. तुमची पट्टी म्हणजे पडद्याची सावली.

आपल्या कॅमेऱ्याचा आकडा पुस्तिकेत बघा. पुस्तिकेत १/२०० असला तरी काही ट्रिगर निरोप पोचवायला किंचित उशीर करतात आणि १/२०० लाच बारीक कड काळी येते. म्हणून मी १/१६० च्या वर सहसा जात नाही.

त्याच्या पुढे जायचं तर हाय स्पीड सिंक. त्यात फ्लॅश एकच मोठा झोत न मारता फट सरकत असेपर्यंत बारीक बारीक झोतांची रांग लावतो. चालतं, पण ताकद बरीच घटते, दोन स्टॉप सहज (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट). छत्री लावून, दुपारी, एका लहान फ्लॅशने ते करायला जाल तर चेहऱ्यापर्यंत काही पोचणार नाही.

मी खारघरच्या टेकडीवर भर दुपारी एक प्री-वेडिंग केलं त्याचं गणित देते. कडक उन्हात आयएसओ १०० ला एफ/१६ आणि १/१०० हा जुना अंदाज. मला मागचं धूसर हवं, म्हणून एफ/२.८. पाच स्टॉप उघडलं म्हणून शटरचा वेग पाच वेळा दुप्पट, म्हणजे १/३२००. तिथे हाय स्पीड सिंकने माझा फ्लॅश मेला असता. म्हणून चार स्टॉपची एनडी, म्हणजे उजेड कापणारी काळपट काच लेन्सवर लावली आणि शटर परत १/२०० वर आणलं. काच फ्लॅशचाही उजेड कापते हे खरं, पण झोत पूर्ण ताकदीचा मिळतो आणि फ्लॅश मी दीड मीटरवर आणून ठेवला होता. अंतर निम्मं केलं की उजेड चौपट. छत्री चौकटीच्या कडेला जवळजवळ शिवत होती, आणि वाऱ्याने उडू नये म्हणून नवरदेवाच्या भावाने स्टँडला मिठी मारली होती.


नवशिक्या_ऐरोली
गुरुवार, सकाळी ९:४८

डोक्यात प्रकाश पडला, पट्टीशिवाय. धन्यवाद ताई.

अजून एक. आता फ्लेमिंगोंचा हंगाम आहे, आमच्या इथे खाडीवर. स्टँड चिखलात रोवून, ट्रिगरने लांबून फ्लॅश दिला तर?


सानपाडा_लोकल
गुरुवार, सकाळी १०:१०

नको.

एक तर ठाणे खाडीचा तो भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये रामसर, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेला. चिखलात स्टँड रोवायला कोणी देणार नाही आणि द्यायलाही नको. पक्षी चरत असताना तोंडावर झोत मारणं म्हणजे जेवणाऱ्याच्या ताटात टॉर्च.

दुसरं, बोटीतून किंवा काठावरून दिला तरी पोचणार नाही. बऱ्या स्पीडलाइटचा, म्हणजे आपल्या लहान फ्लॅशचा गाइड नंबर (मीटरमधलं अंतर गुणिले एफ-आकडा) पूर्ण झूमला ६० धरा. पक्षी ६० मीटरवर असेल तर आयएसओ १०० ला भोक हवं एफ/१. तुमची लांब लेन्स एफ/५.६ ची, म्हणजे आयएसओ ३२०० ला कुठे बरोबरी. आयएसओ ३२०० असेल तर फ्लॅश हवाय कशाला? सकाळचं ऊन मागून घ्या, फुकट आहे. फ्लॅश उडण्यापेक्षा फ्लेमिंगो उडालेले बरे दिसतात, तेही आपण होऊन.


फक्त_नैसर्गिक
गुरुवार, सकाळी १०:१५

शेवटी कोणीतरी माझ्या बाजूने बोललं.


सेकंडहँड_लेन्स
गुरुवार, दुपारी १२:४०

ट्रिगर विकत घ्यायच्या विचारात असणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. जुन्या मालाचं खरेदी-विक्रीचं माझं बरंच चालतं, बोरा बाजारात आठवड्यातून एक फेरी असतेच, म्हणून सांगतो.

कॅमेऱ्याचा हॉट शू, म्हणजे डोक्यावरची फ्लॅश चढवायची खाच बघा. मधोमध गोल टिकली असते, साधे सगळे ट्रिगर तिच्यावरच चालतात. कॅननच्या २००डी मार्क २ आणि ३०००डी सारख्या काही मॉडेलना ती टिकलीच नाही. त्यांना एका पिनवाला स्वस्त ट्रिगर लावला तर काहीही होणार नाही. कॅननसाठीचा खास ट्रिगर घ्या आणि तो या मॉडेलना चालतो का, फर्मवेअर अद्ययावत आहे का, ते विचारा. शक्यतो आपला कॅमेरा सोबत नेऊन तिथल्या तिथे उडवून बघा.

मिररलेसवाल्यांनी सायलेंट किंवा इलेक्ट्रॉनिक शटर बंद आहे ना ते बघावं. बहुतेक कॅमेरे त्यात फ्लॅशला सांगतच नाहीत. माझ्याकडे परत आलेल्या ट्रिगरपैकी निम्मे तरी याच कारणाने "बिघडलेले" होते.


जुना_रोल
गुरुवार, दुपारी ४:२०

त्यात माझीही एक भर. कपाटात बाबांचा किंवा काकांचा फिल्मच्या काळातला फ्लॅश सापडला तर हौसेने थेट डिजिटल कॅमेऱ्यावर चढवू नका. त्या जमान्यातल्या काहींच्या बुडाशी दोनशेहून जास्त व्होल्ट असतात. फिल्मच्या कॅमेऱ्यात नुसता यांत्रिक संपर्क होता, त्याला फरक पडत नसे. आताच्या सर्किटला पडू शकतो. आंतरराष्ट्रीय मानक २४ व्होल्टचं आहे. निकॉनच्या पुस्तिकांत २५० ची मर्यादा दिलेली असते, पण प्रत्येक कॅमेऱ्याचं वेगळं. फ्लॅश चार्ज करून, मल्टिमीटरची एक तार मधल्या टिकलीला आणि दुसरी बाजूच्या पट्टीला लावून मोजा. बोट मधे आणू नका, मी आणलंय.

रेडिओ ट्रिगर मधे आला की कॅमेरा सुटतो, पण रिसीव्हरलाही मर्यादा असतेच, ती वाचा.


खाडीपलीकडे
महिन्याभराने, सोमवार, रात्री ११:३०

धागा वर काढतोय. काल लग्न झालं.

फोटोग्राफर तोच. आधीच फोन केला त्याने. म्हणाला, "तुम्ही तुमच्या तेवीसवर राहू नका, माझ्याच चॅनेलवर या. फक्त गट वेगळा." म्हणजे तो गट ए, मी गट बी. अक्षता पडताना त्याला मागून उजेड हवा होता आणि त्याचा पोरगा आईला बरं नाही म्हणून गावी गेला होता. माझा छत्रीतला फ्लॅश छत्री काढून मांडवाच्या मागच्या खांबावर बांधला, आडवा, डोक्यांच्या वर. मंगलाष्टकं संपताना त्याने गट ए आणि बी दोन्ही चालू ठेवून दाबलं. त्याने लगेच मला कॅमेऱ्याच्या मागे दाखवलं. हवेतला तांदळाचा एकेक दाणा वेगळा, कडेने पेटलेला, आणि मधे अंतरपाटाची खाली येणारी कड. मी स्वतः असा फोटो अजून काढलेला नाही, पण त्यातला मागचा उजेड माझा आहे.

नंतर पंगतीत मी परत तेवीसवर गेलो आणि माणसं हलती म्हणून ताईंनी सांगितल्याप्रमाणे टीटीएल लावलं. १९८ फोटो, एकही काळा नाही, सेल अजून जिवंत.

एकच खंत. आजीचे सहा फोटो काढले. नथ, शालू, सुरकुत्या, उजेड, सगळं जिथल्या तिथे. आणि सहाही फोटोंत डोळे मिटलेले. आजी म्हणते, "तुझा दिवाच वाईट आहे." बाकी कोणाचे मिटलेले नाहीत.


उन्हातली_छत्री
सोमवार, रात्री ११:४१

अक्षतांचा फोटो त्यांना विचारून टाका ना इथे.


जुना_रोल
मंगळवार, सकाळी ६:१५

टीटीएलचा चाचणीचा उजेड आठवतोय का? तो आजींना दिसतो आणि त्यांची पापणी तुमच्या शटरपेक्षा चपळ आहे. काही माणसांची असते. रविवारी घरी जा, मॅन्युअलवर १/८ ठेवा, आणि जाताना पेढे न्या.


खाडीपलीकडे
रविवार, रात्री ९:०५

१/८. डोळे उघडे. आजी म्हणते या फोटोत ती रागावलेली दिसते, दुसरा काढ.